सुट्टी कोणाची, खाडा कोणाचा?



नवे वर्ष लागण्याच्या आधी राज्य सरकारची एक अधिसूचना निघते. येत्या वर्षातल्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी तिच्यात असते. २०२५ सालच्या यादीत अशा २४ सुट्ट्या होत्या. ही यादी कॅलेंडरवर लाल आकड्यांत उतरते आणि नोकरदाराच्या घरात हिशेब सुरू होतो. कोणती सुट्टी सोमवारी येते, कोणती शुक्रवारी, कुठे रविवार जोडून मिळतो, कधी गावाला जाऊन यायचे. यात गैर काहीच नाही. वर्षभर राबणाऱ्याला चार दिवस विसावा हवाच.

तेच कॅलेंडर आपल्याही भिंतीवर असते. आपण मात्र ते वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. लाल आकडा म्हणजे बँक बंद, तहसील बंद, तलाठी भेटणार नाही, लिलाव निघणार नाही, कापसाचा काटा लागणार नाही. नोकरदाराची लाल तारीख पगारी असते. आपली बिनपगारी असते, आणि त्या दिवशीही व्याजाचे मीटर चालूच असते. त्याची ती सुट्टी, आपला तो खाडा.

पोळ्यासारखा सण पाळणाऱ्या, बैलाला वर्षातून एक दिवस खांद्यावर जू न देणाऱ्या शेतकऱ्याला सण म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. तेव्हा या अग्रलेखाचा रोख सणावर नाही, सुट्टी घेणाऱ्या माणसावरही नाही. प्रश्न एवढाच आहे की दार बंद ठेवायचे कोणी ठरवायचे, आणि ते बंद राहिल्याचा खर्च कोणी सोसायचा? आज ठरवणारा एक आहे आणि सोसणारा दुसरा. जिल्ह्याच्या मेळाव्यात याची चर्चा होणार आहे. तिथे येण्याआधी हा विषय आपल्या सर्वांच्या डोक्यात नीट बसावा म्हणून हा मजकूर.

यादी कोणत्या कायद्याची?

सरकारी सुट्ट्यांची ही यादी निघते ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली. नाव अवघड आहे, विषय सोपा आहे. हा हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा कायदा. व्यापाऱ्याच्या कागदाची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे कधी द्यायचे, हे त्या कलमात सांगितले आहे. उत्तर काय आहे ते ध्यानात ठेवा. मुदतीचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल, तर त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी ती हुंडी देय झाली असे धरायचे. म्हणजे सुट्टी आली तरी धनकोचे पैसे एक दिवसही लांबता कामा नयेत.

आता दुसरा कायदा पाहा. १८९७ चा सर्वसाधारण परिभाषा अधिनियम, कलम १०. एखादे काम न्यायालयात किंवा कार्यालयात अमुक तारखेपर्यंत करायचे असे कायद्याने ठरवले असेल आणि त्या शेवटच्या दिवशी ते कार्यालय बंद असेल, तर ते पुढे ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत केले असे मानायचे. दाव्यांच्या मुदतीसाठी १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ४ मध्येही हेच तत्त्व आहे.

एकाच सुट्टीला दोन कायदे दोन दिशांना ओढतात. धनकोच्या कागदाची मुदत सुट्टीने अलीकडे येते. कार्यालयात काम असलेल्या नागरिकाची मुदत पलीकडे जाते. दोन्हींमागचा विचार एकच आहे. दार बंद होते म्हणून कोणाचे नुकसान होऊ नये. हुंडीवाल्याने आपला विचार १८८१ साली लिहून घेतला. कोर्टकचेरीत जाणाऱ्याने १८९७ साली. कापूस विकणाऱ्याचा मात्र असा एकही नियम नाही. बाजार बंद असला तरी त्याच्या कर्जाची तारीख हलत नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. ही यादी सरकारी कार्यालयांना आणि बँकांना लागू होते. बाजार समितीतल्या आडत्याने, जिनिंगवाल्याने किंवा कृषी सेवा केंद्राच्या मालकाने त्या दिवशी कुलूप लावलेच पाहिजे असे ती सांगत नाही. मग बाजार बंद का राहतो? व्यापारी मंडळींचे पत्र येते की अमुक दिवस आम्ही लिलावात भाग घेणार नाही. सचिव ते पत्र पाहून फळ्यावर सूचना लावतात. कायदा कुठेच नसतो. असतो तो एका बाजूचा ठराव, आणि दुसऱ्या बाजूला विचारलेलेही नसते.

काय बंद, काय चालू?

शांतपणे हिशेब मांडू. सार्वजनिक सुट्टीला तहसील, तलाठी, कृषी कार्यालय, भूमिअभिलेख बंद. बँकेची शाखा बंद. सरकारी कापूस खरेदीचा काटा बहुतेक ठिकाणी बंद. बाजार समितीचा लिलाव बंद. आरोग्य केंद्रातली रोजची बाह्यरुग्ण तपासणी बंद, तातडीचे रुग्ण तेवढे पाहिले जातात.

चालू काय असते? पोलीस ठाणे, रुग्णालयाचा अपघात विभाग, वीज, एसटी. दिवाळीत एसटी बंद राहत नाही, उलट जादा गाड्या सोडते. कारण त्या दिवशी माणसांना गाडीची गरज जास्त असते हे महामंडळाला समजते. दुधाचे संकलन लक्ष्मीपूजनालाही होते आणि पाडव्यालाही. गाय सुट्टी घेत नाही आणि दूध थांबत नाही, म्हणून डेअरीने पाळ्या लावल्या आहेत.

आपल्याला सांगतात, दूध नासते, कापूस नासत नाही, चार दिवसांनी आणा. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे, म्हणून याचे उत्तर शास्त्रानेच देतो. कापूस घरात पडून राहिला तर पावसाच्या एका झडीने त्याची ओल वाढते, रंग पिवळा पडतो, उंदीर लागतात, आगीची धास्ती असते, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या लेकरांच्या अंगाला खाज सुटते ती वेगळीच. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलीला पूर्ण भाव असतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कापूस घेतात, पण चढत्या टक्क्याच्या प्रमाणात भाव कापतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका टक्क्याला ८१ रुपये, आणि १२ टक्के ओलीला सव्वातीनशे रुपयांची कात्री. चार दिवस कडक ऊन मिळाले आणि कापूस वाळला तर थांबण्यात फायदाही आहे, हे मी नाकारत नाही. पण थांबायचे की नाही हे ज्याचा कापूस त्याने ठरवावे. बंद दाराने नव्हे.

ज्वारीचेही तेच. खरिपाची ज्वारी काढणीला येते तेव्हा दसरा-दिवाळी असते. पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. रब्बीची ज्वारी खळ्यावरून निघते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाजाराला ‘मार्चअखेर’ नावाचा सण लागतो. त्याचे पुढे बोलू.

पेरणीचे तर विचारूच नका. काळ्या जमिनीत वाफसा येतो तो दोन-चार दिवसांसाठी. तो कॅलेंडर पाहून येत नाही. त्या दोन दिवसांत बियाण्याचे दुकान बंद आणि बँकही बंद असली, तर कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम आठवड्याने मागे जातो. कोरडवाहूत आठवडा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

बाजार बंद असतो, व्यापार बंद नसतो

सुट्ट्यांची खरी गोम इथे आहे. दिवाळीच्या आधी घरात पैसा लागतो. तेल, कपडे, मुलांची फी, मजुराची वेचणी. वेचणीचे पैसे बाई त्याच आठवड्याला मागते आणि तिने ते मागितलेच पाहिजेत. बाजार समिती बंद, सरकारी काटा बंद. अशा वेळी गावात कोण येतो? खेडा खरेदीवाला. त्याच्या गाडीला लाल तारीख नसते. त्याचा काटा त्याचाच, भाव त्याच्याच तोंडचा, कट्टी किती धरायची हेही त्याच्याच मनावर. सुट्टीच्या आठवड्यात गावाच्या पारावर जो भाव निघतो, तो बाजाराचा भाव नसतो, गरजेचा भाव असतो. उघडा बाजार आठ दिवस मिटला की खेडा खरेदीला आठ दिवसांचे रान मोकळे मिळते.

२०२५ ची दिवाळी आठवून पाहा. त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाडा आणि विदर्भात अतिवृष्टीने पिके वाहून गेली. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आणि दिवाळीपूर्वी मदत पोहोचवू असे सांगितले. लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. आता मोजा. ८ ते २० ऑक्टोबर या १३ दिवसांत शनिवार-रविवार वजा जाता सरकारी कार्यालये उघडी राहण्याचे दिवस उरले ९. पंचनामा, याद्या, ई-केवायसी, खात्याची जुळणी, सगळे त्या ९ दिवसांत. पुढे १८ ते २६ ऑक्टोबर हे ९ दिवस घ्या. भाऊबीज धरली नाही तरी त्यातले ६ दिवस कार्यालये बंद. पूर आला तेव्हा पाण्याने शनिवार-रविवार पाहिला नव्हता. मदतीची फाईल मात्र शनिवार-रविवार पाहून चालली.

कार्यालयांचा शनिवारही आता गेला आहे. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. बँकांचा दुसरा आणि चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून बंद झाला. पीक विम्याची गोष्टही तशीच. स्थानिक आपत्तीने नुकसान झाले तर ७२ तासांत कळवा, ही अट अनेक वर्षे होती. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून ती जोखीमच योजनेतून काढून टाकली. ती होती तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी गारपीट झाली की ७२ तासांपैकी बहुतेक तास बंद दारापुढे संपत. घड्याळ शेतकऱ्याचे चालू, कार्यालयाचे थांबलेले.

मार्चअखेरचा सण

आता मार्चअखेर. हा सण कोणत्याच पंचांगात नाही. सरकारच्या यादीतही नाही. तरीही मार्चच्या शेवटच्या दिवसांत व्यापाऱ्यांचे हिशेब म्हणून कितीतरी बाजार समित्यांतले लिलाव बंद राहतात आणि एप्रिल लागल्यावर सुरू होतात. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात.

नेमकी त्याच दिवसांत आपली पीककर्ज फेडीची तारीख येते. जिल्हा बँकेचे आणि सोसायटीचे खरीप कर्ज ३१ मार्चच्या आत भरायचे. वेळेत भरणाऱ्याला केंद्राकडून व्याजात ३ टक्क्यांची सवलत आहे. एक लाखाच्या वर्षभराच्या कर्जावर ती ३,००० रुपये होते. राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभही वेळेत फेडणाऱ्यालाच. एक दिवस चुकला की हे सारे जाते आणि माणूस थकबाकीदारांच्या यादीत बसतो. म्हणजे ज्वारी खळ्यावर, कापसाचा शेवटचा वेचा घरात, घेणारा बाजार बंद आणि वसूल करणारी सोसायटी उघडी. या चक्रात शेतकरी काय करतो? हातउसने घेतो किंवा सावकाराकडे जातो, आठवड्यापुरते. तो आठवडा कितीला पडतो, हे ज्याने काढला त्याला ठाऊक.

कोणी म्हणेल, सुट्टी ती सुट्टी, तिला काय करणार? त्यांना दोन तारखा सांगा. ३१ मार्च २०२४ ला रविवार होता. रिझर्व्ह बँकेने सरकारी जमा-खर्चाचे काम करणाऱ्या बँक शाखा त्या रविवारी उघड्या ठेवायला लावल्या. ३१ मार्च २०२५ ला रमजान ईदची सुट्टी होती. त्या दिवशीही तसाच आदेश निघाला. आयकर खात्याची कार्यालये २९, ३० आणि ३१ मार्च २०२५ असे तिन्ही दिवस उघडी होती. कारण आर्थिक वर्षातला सरकारचा पैसा वर्षातच जमा झाला पाहिजे.

यात आमची तक्रार नाही. उलट हाच आमचा पुरावा आहे. सरकारला पैसा घ्यायचा असतो तेव्हा रविवारही उघडतो आणि ईदचा दिवसही. म्हणजे सुट्टीला उघडणे अशक्य नाही, अडचणीचेही नाही. गरज कोणाची आहे यावर ते ठरते. सरकारची गरज ही गरज, आणि शेतकऱ्याची गरज म्हणजे ‘पुढच्या सोमवारी या’.

पैशांची देवाणघेवाण तर आता सुट्टी मानतच नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे सारे दिवस चालते. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. तेव्हा ‘बँकेला सुट्टी होती म्हणून चुकारा थांबला’ हे कारण आता कोणी सांगितले तर ते ऐकून घेऊ नका. रविवारी रात्री अकरा वाजताही पैसे खात्यात टाकता येतात, टाकणाऱ्याची दानत पाहिजे.

मतदानाची सुट्टी आणि आठवडी बाजार

आणखी एक बारीक गोष्ट, कारण ती फारशी कोणी बोलत नाही. मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी असे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५-ब आहे. चांगले कलम आहे. त्याच दिवशी गावात आठवडी बाजार असेल तर जिल्हाधिकारी १८६२ च्या बाजार व जत्रा कायद्याखाली तो बंद ठेवण्याचा किंवा दुसऱ्या दिवशी भरवण्याचा आदेश काढतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. बुधवार होता, हंगाम ऐन भरात होता. कारखान्यातल्या माणसाने मत दिले आणि त्याचा रोज बुडला नाही. बुधवारच्या बाजाराला भाजी, ज्वारी, कोंबडी घेऊन जाणाऱ्याने मत दिले आणि त्याचा बाजार बुडाला. लोकशाहीचा दिवस दोघांचा सारखाच. भरपाई मात्र एकालाच.

आपला स्वतःचा सण पोळा. तो राज्याच्या त्या २४ सुट्ट्यांत नाही. कुठे जिल्हाधिकारी आपल्या अधिकारातली स्थानिक सुट्टी देतात, जशी नागपूर जिल्ह्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला देतात. आम्ही पोळ्याची सुट्टी मागत नाही. एकच गोष्ट दाखवतो. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेतकरी नसतो, त्याचा सणही नसतो आणि त्याचा हंगामही नसतो.

हमालाचा रविवार

आता आपल्यातलेच काही जण म्हणतील, मग हमाल, मापाडी, मुनीम यांनी सण करूच नये काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. रविवारची सुट्टी ही या देशात कोणी फुकट दिलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपलाच कापूस पिंजणाऱ्या, कातणाऱ्या कामगारांना ती मिळाली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने, १८९० च्या जूनमध्ये. माथाडी-हमालांना कायद्याचे छत्र मिळायला १९६९ साल उजाडले. कष्ट करणाऱ्याच्या विसाव्यावर कष्ट करणाऱ्यानेच उठावे, असा विचार आपण मनातही आणू नये.

पण माणसाला सुट्टी मिळणे वेगळे आणि दाराला कुलूप लागणे वेगळे. हे दोन्ही एकच आहेत असा जो समज पसरवला जातो, तो आधी मोडला पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने शहरातले दुकान, मॉल वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवायला मुभा दिली. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी पाळीने मिळाली पाहिजे. त्याच कायद्यात सणाच्या ८ पगारी सुट्ट्याही आहेत. म्हणजे खरेदीदार शहरी असला की दुकान ३६५ दिवस उघडे ठेवायची युक्ती सरकारला सापडते. विकणारा शेतकरी असला की तीच युक्ती कोणाला आठवत नाही. दवाखान्यात परिचारिका पाळीने सण करतात. एसटीचा चालक पाळीने करतो. बाजार समितीत हमालांच्या दोन टोळ्या पाळीने का करू शकणार नाहीत? सणाच्या दिवशी येणाऱ्या हमालाला जादा मजुरी द्या. ती समितीने आपल्या शुल्कातून द्यावी. ते शुल्क आपल्याच मालावर उभे आहे.

कांद्याच्या शेतकऱ्यांनी यात वाट दाखवली आहे. अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी चाल लासलगावच्या बाजारात होती. शेतकऱ्यांनी रेटा लावला आणि गेल्या काही वर्षांत ती मोडली. अमावास्येला कांदा विकला म्हणून कोणाचे वाईट झाल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या मागण्या

नियमन केलेला बाजार ही कल्पना याच कापूसपट्ट्यात रुजली. वऱ्हाडातल्या कारंज्याला १८८६ साली असा बाजार बसला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. कापसाचा व्यापार उघड्यावर व्हावा, काटा खरा असावा, हा त्यामागचा हेतू. उघडा बाजार या शब्दात ‘उघडा’ हा शब्द आहे, तो विसरून चालणार नाही. म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे पुढील मागण्या ठेवत आहोत. त्यांवर तालुक्या-तालुक्यात बोलून या.

पहिली. प्रत्येक बाजार समितीने आणि सरकारी खरेदी केंद्राने संपूर्ण हंगामातल्या बंद दिवसांची यादी १ सप्टेंबरपूर्वी जाहीर करावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. ऐनवेळच्या पत्रावर बाजार बंद ठेवू नये.

दुसरी. ऑक्टोबर ते मार्च या काळात लिलाव सलग दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहू नये. त्यासाठी हमाल, मापाडी आणि खरेदीदार यांच्या पाळ्या लावाव्यात, सणाच्या दिवशीची मजुरी जादा द्यावी.

तिसरी. बाजार किंवा खरेदी केंद्र जितके दिवस बंद, तितके दिवस पीककर्जाच्या परतफेडीची मुदत पुढे धरावी. मार्चअखेर बाजार बंद ठेवायचा असेल तर ३१ मार्चची तारीख हलवावी. तारीख हलवायची नसेल तर बाजार उघडा ठेवावा. दोन्हीपैकी एक करा.

चौथी. शेतकऱ्याच्या कोणत्याही अर्जाची, नोंदणीची किंवा सूचनेची शेवटची तारीख सुट्टीच्या दिवशी येत असेल तर ती पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत आपोआप वाढावी. १८९७ च्या कायद्यातले तत्त्व प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. तास मोजायचे असतील तर कार्यालय उघडे असलेलेच तास मोजावेत.

पाचवी. ‘कपास किसान’ ॲपवर दिलेल्या तारखेला केंद्र बंद निघाले, तर त्या शेतकऱ्याचा नंबर दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी लागावा आणि उभ्या गाडीचे भाडे केंद्राने द्यावे.

आपण काय करायचे?

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. दिवाळी आणि मार्च या दोन महिन्यांतले बंद दिवस कोणते, हे बाजार समितीच्या सचिवांना महिनाभर आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी उत्तराला पाय नसतात. कर्जाची शेवटची तारीख सुट्टीला येत असेल तर कोणत्या दिवसापर्यंत भरलेले वेळेत धरणार, हे शाखेतून आधीच लिहून घ्या. अर्ज द्यायला गेलात आणि कुलूप दिसले, तर कुलूपबंद दाराचा तारीख-वेळेसह फोटो काढा, पुढच्या उघड्या दिवशी अर्ज द्या आणि त्यावर ‘काल कार्यालय बंद होते’ असे लिहून पोच घ्या. कलम १० आपल्या बाजूला आहे, पण कागद नसेल तर कलम काय करील?

ज्वारी, तूर, सोयाबीन असेल आणि बाजार मिटला असेल, तर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या समितीत ती चालू आहे का ते विचारा. चालू नसेल तर का नाही, हेही विचारा. कापसाला मात्र आजही घर हेच गोदाम. तो कोरडा ठेवा, ओला आणि वाळला वेचा वेगळा ठेवा. खेडा खरेदीवाला सणाच्या आदल्या दिवशी दारात आला तर निदान चार शेजाऱ्यांना विचारल्याखेरीज भाव तोडू नका. एकट्याची गरज स्वस्तात जाते, चौघांनी मिळून विकायला काढले तर गाडीवालाही दोन पावले पुढे येतो.

आणि बाजार समितीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. ‘दिवाळीत बाजार किती दिवस बंद ठेवणार?’ त्याचा आकडा वहीत लिहून ठेवा. दिवाळी येईल तेव्हा वही उघडू.

सरकारी यादीत आणखी एखादी सुट्टी वाढली म्हणून आम्हाला दुःख नाही. ती कमी झाली म्हणून आनंदही नाही. ज्याला सुट्टी हवी त्याने ती सुखाने घ्यावी. मात्र ज्या दिवशी दार बंद असेल, त्या दिवशी व्याजही बंद राहिले पाहिजे, मुदतही थांबली पाहिजे. एवढा साधा न्याय मिळाला तर कॅलेंडरवरचा लाल आकडा आपल्याही घरात सणाचा दिवस म्हणून वाचता येईल. तो मिळवायचा तर जिल्हा मेळाव्याला या. येताना गेल्या वर्षी बाजार किती दिवस बंद होता आणि त्या दिवसांत तुमच्या गावात कापूस कितीला गेला, हे दोन आकडे कागदावर घेऊन या. गावागावांतून ते आकडे जमले की भाषणाची गरज उरणार नाही.